करंगळीशेजारचा राजा

मी मुळात शांत स्वभावाची बाई आहे. हे ऐकून समोरचा माणूस हसला की मला असा काही राग येतो म्हणता!

मुळात म्हणजे कामाच्या आधी. फ्रीज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी बसते. मशीन बंद पडतं लोकांचं आणि ओरडणं ऐकायचं मी. तेही कानाला यंत्र लावून, थेट मेंदूत. आणि उत्तर काय द्यायचं, तर मधात बुडवलेल्या आवाजात, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." परवा एकाने मला, फ्रीजमधला दिवा दार लावल्यावर विझतो की नाही हे आत बसून बघून या, असं सांगितलं. मी दिलगिरी व्यक्त केली. असा दिवसभर गिळलेला राग कुकरच्या वाफेसारखा साठतो आणि घरी येऊन चपला काढेपर्यंत शिट्टी होते. यात माझा काय दोष?

पण डॉक्टरांना कोण समजावणार! त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, काटा बघितला, पुन्हा हवा भरली.

"तुम्ही फार रागावता का हो?"

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

मी अगदी साधं विचारलं होतं. तरी त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"गोळ्या देतो," ते टेबलाखालून म्हणाले, "पण एखादा छंद लावून घ्या. पूर्वी काही करत होतात?"

"कॉलेजात गिटार वाजवायचे. गिटारवाली म्हणायचे मला."

"मग झालं तर. पुन्हा शिका. मन कसं शांत होईल बघा."

त्या डॉक्टरांच्या हातात एकदा गिटार द्यायची माझी फार इच्छा आहे. म्हणजे वाजवायला नव्हे.

मी मात्र ठरवलं ते ठरवलं. मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. माळ्यावरून गिटार काढली. तिच्यावर इतकी धूळ होती की नवऱ्याला आधी तो सोफ्याचा जुना लोड वाटला. तारा गंजलेल्या, त्यातली एक हात लावताच तुटून माझ्या मनगटावर सपकन बसली. नव्या तारा बसवून घेतल्या आणि त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासला नाव घातलं.

नवऱ्याला मी बजावलं, "हे कुणाला कळता कामा नये. विशेषतः ताईंना."

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. मी पोहायला शिकायला लागले आणि सोडलं, जपानी शिकायला लागले आणि सोडलं, तेव्हापासून त्या चारचौघांत सांगतात, "हिला शिकायची आवड नाही, नाव घालायची आवड आहे." बरं, हे म्हणताना हसतात त्या. ते हसणं माझ्या डोक्यात जातं. दोन महिन्यांनी त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. आमच्याच घरी सगळा गोतावळा जमणार होता. त्या गर्दीत मधोमध खुर्ची टाकून बसायचं, गिटार मांडीवर घ्यायची, एक अख्खं गाणं वाजवायचं आणि मग त्यांच्याकडे बघून नुसतं हसायचं, एवढाच माझा बेत होता. मन शांत करण्यासाठी दुसरं काय लागतं?

"शपथ घे," मी नवऱ्याला म्हणाले.

"घेतली," तो म्हणाला. माझा नवरा ग्रंथालयात असतो. आयुष्यभर लोकांना 'हळू बोला' म्हणून म्हणून त्याचा स्वतःचा आवाजच गेलाय. चालतो तेसुद्धा पुस्तकं जागी होणार नाहीत अशा बेताने. त्याला घरात सगळे 'राजा' म्हणतात आणि सोसायटीत 'राजाभाऊ'. हे लक्षात ठेवा, कारण सगळी माती इथेच झाली.

क्लासात मास्तर निघाले माझ्या भाच्याच्या वयाचे. केसांची शेंडी बांधलेली, बोलणं शांत, इतकं शांत की मला पहिल्याच दिवशी चीड आली. बाकी विद्यार्थी म्हणजे सगळी शाळकरी पोरं. खुर्च्याही त्यांच्याच मापाच्या. मी बसले की गुडघे हनुवटीला आणि गिटार मधे चेंगरलेली. माझ्या शेजारी समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी बसायची. तिने मला पहिल्या तासाला विचारलं, "आजी, तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

माझं डोकं सगळं जाणत होतं बघा. कुठली कॉर्ड, कुठली पट्टी, कुठली तार, सगळं लख्ख आठवत होतं. पण बोटं? बोटांनी जणू मला कधी पाहिलंच नव्हतं. त्यातून ती एफ नावाची कॉर्ड. पहिलं बोट सहाच्या सहा तारांवर आडवं पाडायचं, आणि बाकीच्या तिघांनी त्याच क्षणी आपापली जागा धरायची. दात पडलेल्या मुलीने ती दुसऱ्या आठवड्यात वाजवली आणि माझ्याकडे बघून हसली. अगदी आमच्या ताईंसारखी.

"काकू, बोटांवर चिडू नका," मास्तर म्हणाले. "मैत्री करा त्यांच्याशी. नावं ठेवा, बोला त्यांच्याशी. ऐकतात ती."

ठेवली नावं. पहिल्या बोटाचं 'बाईसाहेब', कारण ते सगळ्यांवर आडवं पडतं. मधल्याचं 'लंबू'. करंगळीचं 'ठमी'. राहिलं करंगळीशेजारचं. ते बोट म्हणजे एक नग होता. बाकीची उठली तरी हे उठायचं नाही. उठलंच तर भलत्याच तारेवर जाऊन बसायचं आणि तिथे आपलं काहीच चुकलं नाही असं तोंड करून राहायचं. याला नाव शोधावं लागलंच नाही. मी त्याला 'राजा' म्हणायला लागले.

मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आलं की मी मुलीच्या खोलीत जाऊन दार लावायची आणि बोटांशी मैत्री करायची.

"राजा, ऊठ. ऊठ म्हटलं ना? सगळे पोचले, तू अजून लोळतोयस?"

पहिल्या दिवशी नवरा धावत आला. "काय झालं?"

"तुला नाही. जा."

त्यानंतर तो यायचा बंद झाला. मला आणखी मोकळं मिळालं. "राजा, पुन्हा तिथेच गेलास? किती वेळा सांगितलं, ती तुझी नाही, शेजारची आहे ती! लाज कशी वाटत नाही? आता हललास तर मोडून हातात देईन." आणि मग रागाने गिटारच्या पोटावर एक थाप. धप्प. आणि पाठोपाठ, बोटं तारांवर घासून सोलवटल्यामुळे, माझंच एक "आई गं."

आता खालच्या मजल्यावर राहतात निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. हजेरी न घेता वर्गात कोण नाही हे ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या छतातून गिटारचा आवाज जात नव्हता. तो इतका बारीक यायचा की मलाच नीट ऐकू येत नव्हता. माझा आवाज मात्र व्यवस्थित जात होता. तक्रार विभागाने कमावलेला आवाज आहे तो.

त्यात नवऱ्याने अंगठा फोडून घेतला. गिटार टांगायला भिंतीत खिळा ठोक म्हटलं होतं. पहिला घाव खिळ्यावर, दुसरा अंगठ्यावर. अंगठा वांग्यासारखा जांभळा. पट्टी बांधून फिरायला लागला. लोक विचारणारच. गिटारचं नाव घ्यायचं नाही ही शपथ, आणि पुरुषमाणसाला खिळा ठोकता येत नाही म्हणायची लाज. मग याने लिफ्टमध्ये मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, "दारात सापडला." सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, "बाथरूममध्ये घसरलो." त्या दोघांनी एकमेकांना विचारलं, तेव्हा दोघांनीही मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं म्हणे.

मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की लोक विचित्र वागतायत. मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणं थांबायचं. सेक्रेटरी, जे एरवी पार्किंगवरून माझ्याशी भांडायचे, ते "नाही नाही, तुम्हीच लावा गाडी" म्हणून दोन पावलं मागे सरकायचे. आणि नवऱ्याची भूक मेली होती. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठायचा.

"बरं नाही का?" मी एकदा काळजीने विचारलं.

"नाही, तसं काही नाही," तो म्हणाला आणि ढेकर दिला. केकच्या वासाचा.

मी विचार करत होते, ग्रंथालयात केक कुठून आला?

आणि मग एका संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई वर आल्या. मी नुकतीच ऑफिसातून आले होते. डोक्यात एका माणसाचं वॉशिंग मशीन अजून फिरत होतं. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या, घसा साफ केला. मला वाटलं, झालं, गिटारची तक्रार आली. माझं गुपित यांना कळलं. आता ताईंपर्यंत जायच्या आत यांना कसं तरी गप्प करायला हवं.

"संध्याकाळी आवाज येतो खाली," त्या म्हणाल्या.

"येतो का? मी तर दार लावून करते."

"दार लावून?"

"खिडकीसुद्धा लावते. लोकांना त्रास नको."

बाईंनी पदराने कपाळ टिपलं. "रोज करायलाच हवं का पण?"

"रोज केलं नाही तर हात बसत नाही, बाई. एक दिवस सोडला की दुसऱ्या दिवशी जास्त करावं लागतं."

"अगं, पण दुखत असेल ना..."

"सुरुवातीला दुखायचं. रक्तसुद्धा आलं एकदा." मी माझी बोटं दाखवली. "आता निबर झालंय सगळं. काही वाटत नाही."

त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली. "हे तू... हे असं तू पहिल्यापासून करतेस?"

"लग्नाआधी खूप करायचे. कॉलेजात प्रसिद्ध होते मी त्यासाठी. मधे मुलीमुळे राहून गेलं. आता डॉक्टरांनीच सांगितलं, पुन्हा सुरू करा, मन शांत होईल."

"डॉक्टरांनी?"

"हो. आणि क्लास लावलाय आता. लहान लहान मुलंसुद्धा येतात तिथे. माझ्याहून छान करतात."

बाई उठून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, माझ्या जिद्दीने भारावल्या. मी त्यांचा हात धरला. "एकच विनंती आहे. आमच्या ताईंना यातलं काही सांगू नका. त्यांच्या साठीला सगळ्या पाहुण्यांसमोर करून दाखवायचा विचार आहे माझा."

बाईंनी हात सोडवून घेतला. जिने उतरताना त्यांची एक चप्पल आमच्या दाराशीच राहिली. त्या परत आल्या नाहीत न्यायला.

रविवारी सकाळी मी नुकती गिटार मांडीवर घेतली होती. एफ जवळजवळ लागत होती. म्हणजे सहापैकी चार तारा वाजत होत्या आणि उरलेल्या दोन कुणी उशीखाली दाबल्यासारख्या बोलत होत्या. तेवढ्यात बेल वाजली. आधी एकदा, मग सोडलीच नाही कुणी. मी तणतणत बाहेर आले. नवरा दार उघडून उभा होता आणि दारात ताई. मागे मुख्याध्यापिकाबाई, त्यांच्या मागे सेक्रेटरी. सेक्रेटरींच्या हातात छत्री होती. आभाळ स्वच्छ होतं.

ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "राजा," त्या म्हणाल्या, "बॅग भर. तू माझ्याकडे चल."

"काय झालं?" मी विचारलं.

"तू मधे बोलू नकोस. लहानपणी मी याला शाळेत हात धरून न्यायची. याच्या अंगाला कुणी बोट लावलेलं मी खपवून घेतलं नाही. आणि तू..." त्यांचा आवाज फुटला. त्यांनी नवऱ्याचा पट्टी बांधलेला अंगठा हातात घेतला. "हे काय केलंस याचं?"

"मी? खिळा ठोकताना स्वतः मारून घेतलंय त्याने."

"मला दारात सापडला म्हणाला होता," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"मला बाथरूममध्ये," सेक्रेटरी छत्रीमागून म्हणाले.

"बघ," ताई म्हणाल्या. "अजून तुला पाठीशी घालतोय बिचारा. आणि साठीला माझ्यासमोर करून दाखवणार होतीस म्हणे. सगळ्या पाहुण्यांदेखत."

मला कळायला बराच वेळ लागला. आधी वाटलं या गिटार फोडायला आल्यात. मग बाई बोलायला लागल्या. 'मोडून हातात देईन' कधी ऐकलं, 'लाज कशी वाटत नाही' कधी ऐकलं, धप्प असा आवाज कितीदा आला, 'आई गं' कसं काळीज चिरत गेलं, सगळं सांगितलं त्यांनी. आणि 'ती तुझी नाही, शेजारची आहे' हे वाक्य त्यांनी खाली मान घालून, अगदी हळू सांगितलं. कारण आमच्या शेजारी एक घटस्फोटित बाई राहते.

तेव्हा माझं डोकं एकेक करून सगळं जोडायला लागलं. लिफ्ट. पार्किंग. केक.

मी नवऱ्याकडे वळले. "तुला हे ठाऊक होतं?"

तो जमिनीकडे बघत होता. "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"बाई मला संध्याकाळी खाली बोलवायच्या. तू क्लासला गेलेली असायचीस तेव्हा. मन मोकळं कर म्हणायच्या. मी काहीच बोलायचो नाही. मग त्यांना आणखी वाईट वाटायचं आणि त्या खायला आणायच्या."

"केक?"

"कधी केक. कधी सूप. सेक्रेटरींच्या घरून एकदा पुडिंग आलं होतं."

"आणि तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही, की माझी बायको गिटार वाजवते म्हणून?"

"तूच शपथ घातली होतीस," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज खणखणीत निघाला. "मी शब्दाचा पक्का आहे."

माझ्या कानशिलांत काहीतरी वाजायला लागलं. मी घरात राबते, मी लोकांच्या शिव्या खाते, बोटं माझी सोलवटली, आणि पुडिंग याला! ताई बाजूला होत्या म्हणून, नाहीतर त्या दिवशी बाईंचा संशय मी खरा करून दाखवला असता. मी आत गेले. आतून धाडकन आवाज आला तेव्हा बाहेर सेक्रेटरींनी छत्री उघडली, असं नवऱ्याने मला नंतर सांगितलं. धाडकन ते स्टूल पडलं होतं. मी गिटार घेऊन बाहेर आले.

"गिटार?" ताई म्हणाल्या.

"गिटार. आणि राजा म्हणजे हा." मी डावा हात वर करून ते बोट त्यांना दाखवलं. ते मेलं तेव्हाही धड सरळ उभं राहिलं नाही. "याला रागावते मी रोज. तुमच्या भावाला मी हातसुद्धा लावलेला नाही. साठीला तुमच्यासाठी गाणं वाजवणार होते. केलंत वाटोळं सगळ्याचं."

बाई भिंतीला टेकल्या. सेक्रेटरींनी छत्री मिटली. ताईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "माझ्यासाठी शिकत होतीस?" त्यांनी विचारलं, आणि ते हसणं, ते माझ्या डोक्यात जाणारं हसणं, त्यांच्या तोंडावर कुठेच नव्हतं. मला कसंतरीच झालं. खरं कारण सांगायची ही वेळ नव्हती.

"बसा," मी म्हणाले. "आता आलाच आहात तर ऐकूनच जा."

मधोमध खुर्ची टाकली. सगळे समोर ओळीने बसले. आणि मी वाजवलं. अख्खं गाणं वाजवलं, एकदाही न थांबता. बाईसाहेब आडव्या पडल्या, लंबू पोचला, ठमी पोचली, आणि राजासुद्धा आपल्या तारेवर जाऊन बसला. एफ लागली. खरंच सांगते, पहिल्यांदाच लागली. शेवटचा झंकार मी हवेत विरू दिला आणि मान वर केली.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता. सेक्रेटरी दाराकडे बघत होते. ताईंनी सावकाश नवऱ्याकडे मान वळवली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "हे रोज असतं?"

"रोज," नवरा म्हणाला.

"इतका वेळ?"

"याहून जास्त."

ताई उठल्या. "बॅग भर," त्या म्हणाल्या.

आणि भरली हो त्याने. चार दिवसांसाठी जातो म्हणून गेलाय, त्याला आता पंधरवडा व्हायला आला. मी चिडलेली नाही. मी रोज संध्याकाळी फोन करते आणि त्याला नवं गाणं ऐकवायला घेते. पण सुरू केलं की दोन मिनिटांत फोन तुटतो. ताईंकडे रेंजच येत नाही म्हणतो. टॉवर त्यांच्याच गच्चीवर आहे.